बॅटभाऊ

गुलमंडीत सुपारी हनुमानाला हात जोडून पुढं निघालात, की कुठल्या तरी दुकानाच्या पायरीवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला एक इसम दिसेल. गळ्यात लॅनची वायर, बोटात अर्धी बिडी. हे बॅटभाऊ. क्रिकेटशी संबंध शून्य. ज्या फायलीच्या शेपटाला 'डॉट बॅट' असतं, ती लिहायचा त्यांना नाद. नोटपॅडात हुकूम एकाखाली एक मांडायचे, फायलीवर दोनदा टिचकी मारायची. संगणक ते निमूट पाळतो. १९८१ सालच्या डॉसपासूनची विद्या आहे ही, आणि भाऊ तिचे गल्लीतले शेवटचे पुजारी.

वायफायचा डबा बसवणारा साधा पोरगा ब्राउझर उघडतो, १९२.१६८.१.१ टाकतो, नाव-पासवर्ड भरतो आणि तीन मिनिटांत मोकळा होतो. भाऊंना हे हमालीचं वाटतं. "माउस धरणारा जन्मभर राबतो, मामू. आपण एकदाच लिहायचं, मग बसून खायचं." हे 'एकदाच' लिहायला दोन रात्री लागतात, ते सोडा.

गेल्या दिवाळीआधी एका कापडवाल्या शेटजींनी त्यांना बोलावलं. चार मजले, जुन्या वाड्याच्या जाडजूड भिंती, जागोजाग आरसे. म्हणून बारा ॲक्सेस पॉइंट. हातानं केलं असतं तर छत्तीस मिनिटांचं काम. भाऊ तिसऱ्या दिवशी फाइल घेऊन उगवले. एंटर दाबलं आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धो धो वाहू लागल्या. साडी बघायला आलेल्या बायका साडी सोडून तेच बघत राहिल्या. खरं तर 'एको ऑफ' लिहिलं की ही पळापळ दिसत नाही. पण भाऊ ती ओळ मुद्दाम गाळतात. गिऱ्हाइकाला काही दिसलंच नाही तर ते पैसे कशाचे देणार? 'पॉज'ची ओळ मात्र हमखास. तिथं संगणक थांबतो आणि चहा येतो.

चाळीस सेकंदांत बारा डबे तयार. बारांनाही एकच पत्ता! बॅच फायलीत कंसातल्या फेऱ्यात टक्क्याच्या चिन्हात घातलेला आकडा सुरुवातीलाच एकदा वाचला जातो, मग फेरे कितीही होवोत, तो तोच राहतो. तिथं उद्गारचिन्हं लागतात, आणि ती चालावीत म्हणून वर एक वेगळी ओळ. भाऊंनी टक्केच ठेवले होते. उद्गार शेटजींनी काढले. मग सेल्सगर्लकडून सेफ्टी पिन मागून, चार मजले चढून, बारा डब्यांची रीसेटची भोकं भाऊंनी एकेक करून टोचली.

"मलिक अंबरनं नहरीचं पाणी गावभर खेळवलं, आपण वायफाय खेळवतो," असं भाऊ अभिमानानं सांगतात. पण गावात पाण्याचं आणि वायफायचं पटत नाही. परवा शेटजी म्हणाले, "भाऊ, गच्चीवर रेंज येईना."

"नळ आलेत का?"

"आजच आले. आठ दिवसांनी."

"मग बरोबर आहे. डबा टाकीमागं आहे. रिकाम्या टाकीतून लहरी आरपार जातात, भरलेली टाकी त्या पिऊन टाकते."

डबा हातभर सरकवला की काम झालं असतं. पण भाऊंचे डोळे चमकले. दर मिनिटाला टाकीपलीकडे पिंग मारायची. उत्तर आलं नाही की टाकी भरली, मोटर बंद करा, असा भोंगा वाजवणारी फाइल! एकदाच लिहायची, जन्मभर बसून खायचं.

लिहायला दोन रात्री लागल्या. तोवर पाणी जिन्यावरून उतरून साड्यांपर्यंत आलं होतं.