इमला हवेत, पाणी छतावर

घरातल्या पोरानं नोकरी सोडून स्वतःचं काही करायचं म्हटलं की कुणीतरी वडीलधारं बजावतंच, ‘उगाच हवेत इमले बांधू नकोस.’ बिचाऱ्याच्या त्या इमल्याला सिमेंट लागत नाही, निविदा लागत नाही, आणि तो ढासळला तरी खाली कुणाची गाडी चेपत नाही.

गाडी चेपली ती जबलपुरात. डुमना विमानतळाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन पंतप्रधानांनी १० मार्च २०२४ ला केलं, तेही आझमगडहून. खर्च सुमारे ४५० कोटी. सहाव्या दिवशी लोकसभेच्या तारखा जाहीर झाल्या. मुहूर्त काढणाऱ्याचं पंचांग पक्कं होतं, एवढं कबूल. पावसाळ्याचं पान मात्र त्यानं उलटलेलं दिसत नाही. २७ जूनला दारापुढच्या ताणलेल्या कापडी छतावर पाणी साचलं, झोळ आला, कापड फाटलं आणि सगळा लोंढा खाली उभ्या मोटारीवर. मोटारीचा टप चेपला; माणसं वाचली. दुसऱ्या दिवशी दिल्लीत टर्मिनल एकचं छत कोसळलं, तिथे एक जीव गेला. तिसऱ्या दिवशी राजकोट. तिथल्या विमानतळाच्या उद्घाटनाला तर अजून वर्षही झालं नव्हतं.

अशा वेळी बोट दाखवायला पाऊस असतोच. जूनच्या अखेरीस मध्य भारतात तो पडतो, ही बातमी नकाशा काढणाऱ्यापर्यंत पोचायची राहिली असेल.

याच जबलपुरात मदन महालाच्या टेकडीवर एक भलाथोरला दगड दुसऱ्या दगडावर जेमतेम टेकून उभा आहे. लोक त्याला ‘बॅलन्सिंग रॉक’ म्हणतात. २२ मे १९९७ च्या भूकंपात शहरातली घरं पडली, माणसं गेली. हा जागचा हलला नाही. गोंड राजांचा मदन महालही थेट शिळेवर चढवलेला. दोन्हींची कोनशिला कुठे सापडत नाही. (कंत्राटदाराची पाटीही नाही.)

आझमगडहून त्याच दिवशी पुण्याच्या नव्या टर्मिनलचंही उद्घाटन उरकलं होतं. प्रवाशांसाठी ते उघडलं १४ जुलैला. उशिराची कारणं मनुष्यबळ, सुरक्षा वगैरे सांगितली गेली. आमचा संशय वेगळा आहे : पुणेकरांनी आधी दुसऱ्याच्या छतावर पाऊस पाडून पाहिला.