एकेचाळीस भोकं आणि एक पाना

ताम्हिणी घाटात लोक धबधबे बघायला जातात. मी गेलो जानेवारीत, धबधबे आटल्यावर, आणि दोन तास एकाच जागी उभा राहून एक कोरडा कडा बघितला. त्या कड्यावर ऑइल पेंटने रंगवलेल्या सगळ्या प्रेमिकांची नावं मला आता पाठ आहेत. एका बदामातल्या मुलीचं नाव दोनदा बदललंय. मुलगा तोच आहे.

बेत साधा होता. पुणे, मुळशी, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, दिवेआगर. गाड्या दोन, माणसं तीन. माझ्या गाडीवर मी आणि मागे ही. दुसऱ्या गाडीवर हिचा धाकटा भाऊ सुहास आणि सगळं सामान. सुहासची गाडी अलॉय चाकांची, टायर ट्यूबलेस. माझी तारांच्या चाकांची, अर्थात ट्यूबवाली. "भाऊजी, अलॉय घ्यायचं होतं," हे वाक्य मी गाडी घेतली त्या दिवसापासून तो दर भेटीत म्हणतो. त्या दिवशी चांदणी चौकात एकदा, पिरंगुटला चहा पिताना एकदा आणि पौडला काहीच कारण नसताना एकदा म्हणाला.

तारांवर माझा जीव आहे त्याला कारण वडिलांची राजदूत. रविवारी सकाळी वडील गाडी स्टँडवर लावायचे, मांडीखाली गोणपाट घ्यायचे आणि जुन्या बनियनची चिंधी एकेका तारेवरून फिरवायचे. मी चाक फिरवायचो. हे काम दोन तास चाले आणि या दोन तासांत आईने सांगितलेलं कुठलंही काम वडिलांना ऐकू येत नसे. तारांच्या चाकाचा हा उपयोग कुठल्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो. अलॉयवर फडका मारायला पाच मिनिटं पुरतात, मग माणसाला भाजी आणायला जावं लागतं.

आता ट्यूब का लागते, ते सांगतो. माझ्या मागच्या चाकाला चाळीस तारा आहेत. प्रत्येक तार रिमला भोक पाडून आत शिरते आणि आतून निपलने आवळलेली असते. म्हणजे चाळीस भोकं. शिवाय व्हॉल्व्हचं एक. एकेचाळीस भोकांच्या भांड्यात हवा भरून ठेवायची, तर आत वेगळी पिशवी लागणारच. ती पिशवी म्हणजे ट्यूब. निपलची डोकी तिला टोचू नयेत म्हणून रिमवर एक रबरी पट्टी. अलॉय म्हणजे एकसंध ओतलेलं चाक, त्याला भोक फक्त व्हॉल्व्हचं. त्यात टायर घट्ट बसला की टायर आणि रिम मिळूनच हवेचं भांडं तयार होतं.

फरक कळतो तो खिळा घुसल्यावर. ट्यूबलेसमध्ये खिळा रबरात रुतून बसतो आणि स्वतःच बूच होतो. हवा जाते, पण सरकारी फाइलीच्या वेगाने. ट्यूबला भोक पडलं की हवा ट्यूबमधून टायरमध्ये येते आणि तिथून त्या एकेचाळीस दारांतून मोकळी होते. बऱ्याचदा निरोपसुद्धा घेत नाही.

मुळशीचं पाणी मागे पडलं, निवे गेलं, घाटाची वळणं लागली आणि ही म्हणाली, "अहो, मागून कुणी ढकलतंय का?" गाडीचं मागचं अंग वरातीतल्या काकांसारखं स्वतंत्रपणे नाचायला लागलं होतं. ब्रेक न दाबता, हँडल धरून ठेवत गाडी कडेला घेतली, एवढं मात्र मला जमलं. चाक रिमवर बसलं होतं.

मी अजिबात घाबरलो नाही, कारण माझी तयारी पूर्ण होती. नवीकोरी ट्यूब होती. टायर काढायच्या दोन टॉमी होत्या. हातपंप होता. नव्हता फक्त मागच्या ॲक्सलचा नट सोडवायचा पाना. गाडीबरोबर मिळालेली पान्यांची पुरचुंडी मी आदल्या रात्री घरी काढून ठेवली होती. येताना सुके बोंबील आणायचे होते, त्यांना जागा नको?

सुहासने आपलं किट काढलं. त्यात गिरमिटासारखं एक हत्यार आणि चिकट काळ्या वाती. ट्यूबलेसला पंक्चर झालं की चाक न काढता भोकात वात कोंबायची, वरचं शेपूट कापायचं, हवा भरायची, निघायचं. माझ्या चाकाला त्याचा काही उपयोग नव्हता. वात होती, पणती नव्हती.

"भाऊजी—"

"बोलू नकोस," मी म्हणालो.

मग असं ठरलं की सुहासने पुढे विळ्यापर्यंत जाऊन पाना नाहीतर टेम्पो आणायचा. हिला उन्हात कशाला थांबवायचं, म्हणून ही त्याच्या मागे बसली. तिला जागा व्हावी म्हणून सामान माझ्यापाशी उतरलं. दोन बॅगा, पाण्याचा कॅन आणि बसलेली गाडी घेऊन निर्जन घाटात उभा असलेला पन्नाशीचा माणूस बघून येणाऱ्याजाणाऱ्यांचा एकच समज होत होता. एका एसटीच्या ड्रायव्हरने वेग कमी करून, "काका, घरी जा. राग जातो," असं सांगितलं.

दोन तासांनी सुहास छोटा हत्ती घेऊन आला. इतका वेळ का लागला, हे त्याच्या शर्टावर पडलेल्या मिसळीच्या रश्शावरून कळलं.

गाडी टेम्पोत चढवून पंक्चरच्या दुकानात नेली. दुकान म्हणजे चार पत्रे, एक कंप्रेसर आणि खांबाला टांगलेला, पांढऱ्या रंगाने 'पंचर' लिहिलेला टायर. मालक केरळचे. आपल्या हमरस्त्यांवर मैलोन्मैल ही केरळी मंडळी पंक्चर काढताना दिसतात. सुहासने त्यांना 'अण्णा' म्हटलं. "अण्णा तमिळमध्ये. आमच्यात चेट्टा," ते अस्सल माणगावी मराठीत म्हणाले आणि चोवीसचा पाना लावून एका हिसक्यात नट सोडवला. तो हिसका बघताना मला घाटातले दोन तास पुन्हा एकदा आठवले.

चेट्टांचं काम बघण्यासारखं होतं. चाक आडवं टाकून ते टायरच्या कडेवर उभे राहिले. टायर रिमपासून सुटला. दोन टॉमी सारून कड वर काढली आणि माशाची आतडी काढावीत तशी ट्यूब बाहेर ओढली. हवा भरून ती काळ्या पाण्याच्या टबात इंचाइंचाने बुडवत नेली. एका जागी बुडबुड्यांची माळ निघाली. तिथे त्यांनी काडीने खूण केली आणि पुढे बुडवतच राहिले. अर्धी माणसं पहिल्या बुडबुड्यावर थांबतात आणि संध्याकाळी परत येतात, असं त्यांचं म्हणणं. समोरच्या अंगाला दुसरी माळ निघालीच. बसलेल्या ट्यूबवर मी गाडी थोडी पुढे नेली, तेवढ्यात खिळा आरपार गेला होता. मग कानशीने घासणं, सोल्युशन लावणं, ते सुकेपर्यंत वाट बघणं. या वाट बघण्यात खरी कारागिरी आहे. ओल्यावर चिकटवलेला पॅच दोन दिवसांत सुटतो. शेवटी त्यांनी टायरच्या आतून डोळे मिटून बोटं फिरवली आणि खिळ्याचं टोक शोधून माझ्या हातावर ठेवलं. घोड्याच्या नालेचा असावा असा चपटा खिळा. ज्या खिळ्यावर एक वाहन चालतं, त्याच खिळ्याने दुसरं बसतं.

"रिमची भोकं सिलिकॉनने बुजवून ट्यूबलेस केलं तर?" मी विचारलं. ही हौस बरेच लोक करतात. चेट्टांनी रिमवर बोट टेकवलं. ट्यूबलेसच्या रिमला आतून एक बारीक उंचवटा असतो. हवा कमी झाली तरी टायरची कड त्यामुळे जागची हलत नाही. माझ्या रिमला तो नव्हता. "हवा राहील, टायर राहणार नाही," एवढंच ते बोलले.

तारा हव्यात आणि ट्यूब नको, हा हट्ट मी एकटाच करतो असं नाही. बीएमडब्ल्यूने १९८७ साली आपल्या जीएस गाड्यांना असं चाक दिलं की तारा रिमच्या दोन्ही कडांना, टायरच्या बाहेरच अडकवल्या. आत भोकंच नाहीत. आपल्याकडे रॉयल एनफिल्डच्या नव्या हिमालयनला २०२४ पासून तारांची ट्यूबलेस चाकं जादा पैसे भरून मिळतात. मुळात हवेचा टायर काढला स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनने, १८४५ साली, आणि जग तो विसरलं. १८८८ मध्ये बेलफास्टचे डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तो पुन्हा शोधला. डनलॉप पशुवैद्य होते. माझी गाडी त्यांच्याकडे नेली असती तर अगदीच वावगं झालं नसतं.

दिवेआगरला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. उकडीचे मोदक संपले होते. त्याविषयी मी लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी शेखाडीवरून श्रीवर्धनला निघालो. डावीकडे डोंगर, उजवीकडे समुद्र, मध्ये चिंचोळा रस्ता. सुहास पुढे होता आणि बहुधा समुद्राकडे बघत होता. एका वळणावर त्याची गाडी खड्ड्यात गेली, 'ठण्ण' असा देवळातल्यासारखा आवाज झाला आणि त्याच्या मागच्या चाकाची हवा एका श्वासात गेली. त्याच खड्ड्यात माझीही गाडी गेली. चाळीस तारांनी तो दणका आपसांत वाटून घेतला आणि चाक पुढे फिरत राहिलं.

टायरला भोक नव्हतंच. अलॉयची कड बशीच्या टवक्यासारखी आत वळली होती आणि टायर तिथे बसत नव्हता. सुहासने वातीचं किट काढलं, बघितलं, परत ठेवलं. मी काहीच बोललो नाही. तो सगळ्या सहलीतला माझा सर्वांत सुखाचा क्षण.

श्रीवर्धन हे पेशव्यांचं, बाळाजी विश्वनाथांचं गाव. तिथून माणसं पार साताऱ्यापर्यंत गेली ती घोड्यांवर, हे मी सुहासला सांगितलं, कारण आम्ही गाडी टेम्पोत चढवत होतो. तिथल्या पंक्चरवाल्याने कड ठोकून सरळ करायला साफ नकार दिला. ओतीव ॲल्युमिनियम ठोकलं की तडकतं. पुण्याला जाऊन चाक बदला म्हणाला.

"मग पुण्यापर्यंत कसं जाऊ?" सुहास रडवेला झाला.

पंक्चरवाल्याने रिममधला रबरी व्हॉल्व्ह उपटून काढला, भिंतीवरच्या खिळ्याला लटकणाऱ्या ट्यूबांमधून एक ओढली, ती चाकात घातली आणि हवा भरली. टायर बसला. "हळू चालवा," म्हणाला.

परतताना दोन्ही गाड्या ट्यूबवाल्या होत्या. सुहास चाळीसच्या वर गेला नाही आणि अलॉय हा शब्द त्याने चांदणी चौकापर्यंत उच्चारला नाही. बोंबील आले. ते त्याच्याच गाडीवर लादले होते.

तारांच्या चाकांची गाडी असेल तर खुशाल जा. फक्त मागच्या चाकाचा नट किती नंबरचा आहे, ते आजच खाली वाकून बघा. माझा चोवीसचा आहे.