साम्राज्य उभारू इच्छिणाऱ्यांस काही सूचना

साम्राज्याच्या इच्छुकाने प्रथम मुलूख जिंकण्याचा हव्यास सोडावा आणि वसुलीचा हक्क पदरात पाडून घ्यावा, कारण जिंकलेला मुलूख सांभाळावा लागतो, हक्क मात्र नुसता बजावला की पुरते. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशव्यांनी साताऱ्याच्या शाहू छत्रपतींसाठी दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या, म्हणजे महसुलाच्या चौथ्या हिश्शाच्या, आणि सरदेशमुखीच्या, म्हणजे त्याखेरीज दहा टक्क्यांच्या, सनदा आणल्या. सुभे बादशहाचे, घाम रयतेचा आणि पस्तीस टक्के साताऱ्याचे, अशी ही व्यवस्था होती.

धनी छत्रपती साताऱ्यात आणि कारभारी पेशवा पुण्यात, ही रचना धन्याचा वचक असेतोवर उत्तम चालते.

वारसाचा प्रश्न मात्र टांगणीला ठेवू नये. शाहू १७४९ मध्ये निपुत्रिक वारले, तेव्हा त्यांच्या चुलती ताराबाईंनी ज्या रामराजांना नातू म्हणून पुढे केले होते, त्यांनाच पुढच्या वर्षी साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले आणि हा आपला नातूच नव्हे, असे जाहीर केले.

भाऊबंदकीचे वेळापत्रक बाहेरच्या संकटाशी जुळवून घ्यावे, हा नियम तर कोणी पाळतच नाही. सरंजाम, म्हणजे फौज बाळगण्याच्या अटीवर मिळालेला मुलूख, मिरजेच्या पटवर्धन सरदारांच्या घरात १८०१ मध्ये काका-पुतण्यांत वाटला गेला, पुतणे चिंतामणराव मिरजेहून निघून जेमतेम दहा किलोमीटरवरच्या सांगलीत आले, आणि पुढच्याच वर्षी पेशव्यांनी वसईस इंग्रजांशी तह केला. पण पटवर्धनांना तरी का बोल लावावा? अटकेपारच्या झेंड्याची कथा मिशीला पीळ देऊन सांगणारा गृहस्थ आजही सख्ख्या भावाशी वीतभर बांधासाठी तारखांवर तारखा घेत असतो, आणि वकिलाच्या फीपायी तोच बांध विकतो!

उतरत्या काळासाठी पदरी एक रंगो बापूजी असावा. साताऱ्याच्या पदच्युत प्रतापसिंह महाराजांची दाद मागण्यासाठी हा गृहस्थ लंडनला गेला आणि धनी १८४७ मध्ये काशीत वारल्यावरही ईस्ट इंडिया कंपनीच्या दारात अर्ज करीत राहिला; असा माणूस मिळणे साम्राज्य मिळण्याहून कठीण आहे.

अखेरीस तोफा लागत नाहीत, कारकून पुरतो. १८४८ मध्ये प्रतापसिंहांच्या जागी गादीवर आलेल्या शहाजी महाराजांनी मृत्युसमयी घेतलेला दत्तक गव्हर्नर-जनरल डलहौसीने नामंजूर केला आणि साताऱ्याचे राज्य खालसा झाले. काका-पुतण्यांच्या भांडणातून जन्मलेले सांगली संस्थान मात्र १९४८ पर्यंत टिकले.