माशाचा रहिवासी दाखला

मुळा-मुठेत महसीर पुन्हा सोडावा का, हा विषय निघाला की पुण्यात लगेच दोन तट पडतात. नदीचे खरे तट तूर्तास ठेकेदाराच्या ताब्यात आहेत.

एक तट म्हणतो, मासा इथलाच. कागद चोख आहे. कर्नल साईक्स यांनी 1839 साली खुद्री महसीरचं शास्त्रीय वर्णन छापलं आणि नमुन्याचा पत्ता दिला तो पुण्याच्या पूर्वेला आठेक मैलांवरच्या मुळा-मुठेचा. इतका जुना रहिवासी पुरावा सदाशिव पेठेतही फार घरांत निघायचा नाही.

दुसरा तट कावेरीकडे बोट दाखवतो. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांनी 1970 च्या दशकापासून महसीरची पिल्लं वाढवली. तिथली खुद्री कावेरीत गेली आणि चांगलीच रुळली. कावेरीतला मूळचा कुबडवाला महसीर आज अतिसंकटग्रस्त आहे, आणि त्यात या पाहुणीचाही हात असल्याचं अभ्यासक सांगतात. मुद्दा खरा आहे. पण मुठा तर तिचं माहेर! मग अडचण कसली?

पाण्याची. तेवढा विषय कुणी काढत नाही.

महसीरला खळाळतं पाणी आणि दगडगोट्यांचा तळ लागतो. खडकवासल्याखाली पावसाळा सरला की नदीत वाहतं ते बरंचसं आपणच घरून पाठवलेलं असतं. ते शुद्ध करण्यासाठी जपानशी कर्जाचा करार झाला 2016 मध्ये. 44 किलोमीटरच्या नदीकाठ सुशोभनाची पायाभरणी झाली 2022 मध्ये. काठावर फिरायला लोक आधी येतील, की नदीत पाणी, यावर पैज लावायला हरकत नाही.

तोवर नदीत चिलापी आणि आफ्रिकन मांगूर सुखाने नांदताहेत. त्यांच्याकडे कुणी दाखला मागितला नाही. मांगूरच्या पैदाशीवर तर देशात बंदी आहे, पण ती त्याला अजून कुणी वाचून दाखवलेली नाही. शिवाय तो थेट हवेतूनही श्वास घेतो. म्हणजे राहतो नदीकाठच्या पत्त्यावर, पण नदीच्या भरवशावर नाही. याला म्हणतात मुरलेला पुणेकर.

तरीही मत्स्यबीज सोडायचंच ठरलं, तर समारंभ देखणा होईल. पिल्लं येतात ती प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून. मान्यवरांनी पिशवी हातात घ्यावी, फोटो काढावा, भाषण करावं. माझी एवढीच विनंती आहे, की पिशव्या उघडू नयेत.