फोल्डरांची यादी आणि वाचकाची ऐट

फीड रीडर, म्हणजे निरनिराळ्या संकेतस्थळांवर नव्याने प्रसिद्ध झालेला मजकूर एका ठिकाणी गोळा करून देणारी प्रणाली, ही वाचनाच्या सोयीसाठी निर्माण झाली असली, तरी तिच्यात साठत गेले ते मुख्यतः वाचनाचे संकल्प. तिच्या मुळाशी असलेला आरएसएस हा साचा नेटस्केपमध्ये १९९९ साली तयार झाला, गूगल रीडर २००५ साली आला आणि १ जुलै २०१३ रोजी बंद झाला. या साऱ्या वाटचालीत न वाचलेल्या लेखांचा ढीग मात्र कधी उतरणीला लागला नाही. गूगल रीडर हजाराच्या पुढे मोजणेच सोडून ‘१०००+’ एवढेच दाखवीत असे, आणि यंत्राने माणसाची अब्रू राखल्याचे इतके सभ्य उदाहरण संगणकाच्या इतिहासात विरळाच सापडेल.

आता या ढिगाशी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटची, म्हणजे सांगितलेले काम पायरीपायरीने स्वतः पार पाडणाऱ्या प्रणालीची, गाठ घालून देण्यात आली आहे. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल खुला केल्यापासून अशा एजंटच्या हाती बाहेरची साधने देणे सुकर झाले असून, प्रत्येक साधनासोबत त्याचे नाव, ते काय करते याचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवावी लागते याचा आराखडा दिलेला असतो. फीड रीडरच्या अशा साधनांपैकी फोल्डर व टॅग यांची यादी देणारे साधन सर्वांत निरुपद्रवी समजले जाते, कारण ते एकही लेख उघडत नाही, काही बदलत नाही, फक्त नावे सांगते. आणि नेमकी नावे हीच तर वाचकाची दुखरी जागा आहे.

फोल्डर म्हणजे फीड ठेवण्याचा कप्पा आणि टॅग म्हणजे एखाद्या लेखावर डकवलेली चिठ्ठी, असा भेद वाचक मोठ्या निष्ठेने पाळतो. परंतु गूगल रीडरच्या अंतर्गत रचनेत दोन्ही ‘लेबल’ या एकाच सदरात मोडत असत, आणि त्याच धर्तीवर चालणाऱ्या फ्रेशआरएसएससारख्या प्रणालींत आजही तारांकित लेखांच्या अंतर्गत पत्त्यात ‘कॉम डॉट गूगल’ ही अक्षरे टिकून आहेत, म्हणजे घर पाडले तरी दारावरची पाटी शाबूत आहे. तथापि कप्प्यांचे बारसे करताना माणूस ज्या थाटात वावरतो, त्याचा विचार येथे थोडा अधिक ऐसपैस करणे क्षम्य ठरावे. प्रस्तुत लेखकाच्या संग्रहात ‘भाषाविज्ञान’, ‘मध्ययुगीन इतिहास’ आणि ‘अर्थकारण (मूलगामी)’ असे कप्पे असून, कंसातला तो शब्द कोणासाठी लिहिला हे सांगणे कठीण आहे, कारण हा संग्रह दुसऱ्या कोणाच्या दृष्टीस पडण्याची शक्यताच नव्हती. टॅगांमध्ये ‘महत्त्वाचे’, ‘फार महत्त्वाचे’, ‘नंतर वाचू’ आणि ‘नक्की वाचू’ अशी चढती भाजणी आहे. ‘किरकोळ’ नावाचा कप्पा तळाशी असून त्यात क्रिकेट, जुनी चित्रपटगीते आणि मिसळीच्या ठिकाणांची परीक्षणे आहेत. रोज उघडला जातो तो हाच.

या संग्रहाला जोडलेल्या एजंटने यादी मागवली आणि संग्रहाचा मालक भाषाविज्ञान व मध्ययुगीन इतिहास यांचा व्यासंगी वाचक असल्याचा निष्कर्ष काढला. हा निष्कर्ष पुराव्याला धरून होता, त्यामुळे लेखकाने तो खोडून काढण्याची घाई केली नाही. न वाचलेल्या लेखांची संख्या सांगणारे साधन वेगळे असते; एजंटने ते दुसऱ्याच पावलावर वापरले, आणि व्यासंग तेथेच संपला.

मात्र त्यानंतर एजंटने जी सूचना केली, तिच्यातला विनोद लेखकाला जाणवला नाही. ‘जुनी मंडळी’ या कप्प्यात न वाचलेला एकही लेख नाही आणि तेथील फीडांवर कित्येक वर्षांत नवे काही आलेले नाही, तेव्हा तो काढून टाकावा, असे त्याचे म्हणणे होते. त्या कप्प्यातले काही लेखक लिहिण्याचे थांबले आहेत, एक तर हयात नाहीत. फीड रीडर ठरावीक वेळाने त्यांच्या संकेतस्थळांना नवे काही आहे का असे विचारतो आणि तिकडून ३०४ हा अंक येतो, ज्याचा अर्थ ‘बदल नाही’ एवढाच असतो. साऱ्या संग्रहात शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला हा एकच कप्पा आहे, आणि शून्य या आकड्यात आटोपलेले वाचन व सोडून दिलेले वाचन सारखेच दिसत असल्यामुळे, निव्वळ आकड्यांवरून स्वच्छता सुचविणाऱ्या यंत्राचा राग येणे अगदी स्वाभाविक आहे.

तेव्हा अशी जोडणी करणाऱ्यांना विनंती एवढीच, की यादी देणारे साधन एजंटला खुशाल द्यावे, पण ‘सर्व वाचले’ अशी खूण करणारे आणि फीड काढून टाकणारे ही दोन साधने आपल्याच हाती ठेवावीत.