पंचावन्न इंची कर्ण

टीव्ही आपण बघतो समोरून, पण तो विकला जातो तिरका. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप धरायची आणि येईल तो आकडा शेजाऱ्यांना सांगायचा. शाळेत ज्याला कर्ण म्हणत आणि ज्याच्यापायी मी भूमितीत गटांगळ्या खाल्ल्या, तोच हा. सुरुवातीच्या पिक्चर ट्यूब गोल असत, म्हणून त्यांचा व्यास सांगत. पुढे पडदा चौकोनी झाला तरी आकडा तिरकाच राहिला, कारण चौकोनात त्याच्याइतका मोठा आकडा दुसरा सापडत नाही. बिल्डर लोक अजून फ्लॅट कर्णात विकत नाहीत. हा त्यांचा सज्जनपणा नव्हे, त्यांना अजून सुचलेलं नाही इतकंच.

तर आमच्याकडे पंचावन्न इंची आला. म्हणजे आडवा ४८ इंच आणि उभा २७. चार फूट गुणिले सव्वादोन फूट, बरोबर नऊ चौरस फूट. डोंबिवलीत नऊ चौरस फुटांना काय पडतं हे ज्याने घर घेतलंय त्याला विचारा. भिंतीवरची जागा असल्यामुळे ही कार्पेटमध्ये धरत नाहीत आणि सोसायटीही तिच्यावर मेंटेनन्स लावत नाही. अजून तरी.

खरेदीला आम्ही सगळे गेलो होतो. दुकानात भिंतभर चाळीसेक टीव्ही आणि सगळ्यांवर एकच चित्र: मध ओतला जातोय. मध संपला की पानावर लाल डोळ्यांचा हिरवा बेडूक. मग डाळिंब फुटतं, दाणे उडतात, आणि परत मध. आमच्या घरात मध खोकल्याला लागतो, चमचाभर. बेडूक पावसाळ्यात एकदा जिन्यात आला होता, तेव्हा वॉचमनला बोलवावं लागलं. मी विक्रेत्या मुलाला म्हटलं, "जरा एखादं मराठी चॅनल लावून दाखव ना." तो असा गोंधळला, की जणू मी मोबाइलच्या दुकानात रॉकेल मागितलं. "सर, इथे केबल नाहीये. डेमोच चालतो." म्हणजे ज्या दुकानात चाळीस टीव्ही होते, तिथे टीव्ही बघायची सोय नव्हती. वांगी घेताना आपण देठ बघतो, दाबून बघतो, कीड बघतो. आणि पन्नास हजारांची वस्तू मात्र बेडकाच्या भरवशावर.

मग त्या मुलाने मंत्र म्हणायला सुरुवात केली. एचडीआर, डॉल्बी, क्यूएलईडी. "क्यू म्हणजे?" "क्वांटम, सर." मी मान हलवली. क्वांटम म्हटल्यावर मान हलवायचीच असते. घरी येऊन मुलाकडून कळलं, की ज्याला आपण सरसकट एलईडी टीव्ही म्हणतो तो मुळात एलसीडीच असतो, फक्त त्याच्या पाठीमागे दिवे एलईडीचे लावलेले असतात. आपण मखराच्या मागे दिव्यांची माळ सोडतो, म्हणून मखराला कोणी माळ म्हणत नाही. "आणि सर, यात शंभर कोटींच्या वर रंग आहेत," हे विक्रेत्याने शेवटी, पैसे भरायच्या खिडकीपाशी सांगितलं होतं. हिशोबाने ते १०७ कोटी होतात. मला स्वतःला सात येतात, बायकोला साठ.

त्या साठांची गोष्ट पुढे येतेय, आधी भिंत.

आमच्या हॉलला चार भिंती आहेत. एकीला खिडकी, दुसरीला स्वयंपाकघराचं दार, तिसरीला सोफा टेकलेला. उरलेल्या एकुलत्या एक भिंतीवर आजोबांचा फोटो होता आणि भाद्रपदात त्याच भिंतीला टेकून मखर उभं राहतं. टीव्ही बसवायला आलेल्या पोराने टेप लावली, पेन्सिलीने चार खुणा केल्या आणि म्हणाला, "काका, हे आजोबा काढावे लागतील." चंदनाच्या हारासकट आजोबा पॅसेजमध्ये गेले, मीटरच्या शेजारी. दुपारी दोन ते चार ड्रिल चालवायचं नाही असा सोसायटीचा नियम असल्यामुळे तो पोरगा दोन तास आमच्याकडेच चहा पीत बसला. चार वाजून एक मिनिटाने त्याने भोक पाडायला घेतलं आणि आईच्या औषधांच्या डब्यापर्यंत सिमेंटची भुकटी पोचवली. पडद्याचा मध्य डोळ्यांच्या उंचीवर यावा असं तो सांगत होता. बायको म्हणाली, "अहो, भाचरं येतात, चेंडू मारतील, वर घ्या." वर घेतला. आता बातम्या बघायच्या म्हणजे मान वर करून, विठ्ठल मंदिराच्या कळसाकडे बघावं तशा.

गणपतीला आठवडा राहिला होता. मखराचा प्रश्न निघाला तेव्हा चिरंजीव म्हणाले, "मखर कशाला? बाप्पा समोर ठेवू आणि मागे टीव्हीवर कैलास पर्वत लावू. बर्फ पडतानाचा." थर्माकोलवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे, तेव्हा ही आरास पर्यावरणपूरकच म्हणायची. कैलास लागला. सुंदर दिसला, खोटं कशाला बोलू. मधूनमधून बर्फ थांबून बनियनची जाहिरात येई, ती पाच सेकंदांनी घालवावी लागे, त्यासाठी एक माणूस रिमोट घेऊन कायम बसवला होता. संध्याकाळच्या आरतीला मात्र तोही झांजा घेऊन उभा राहिला. अगदी रंगात आलो असताना बर्फ थांबला आणि बाप्पाच्या मुकुटामागे अक्षरं उमटली: व्हिडिओ थांबवला आहे, पुढे पाहायचा आहे का? सगळ्यांचे हात टाळ्यांत गुंतलेले, रिमोट दुर्वांच्या जुडीखाली. आईला चष्म्याशिवाय वाचता येत नाही. ती म्हणाली, "काय विचारतोय रे तो?"

गणपतीआधीच टीव्ही आणायच्या घाईपायी आणखी एक नुकसान झालं. गणपती २७ ऑगस्ट २०२५ ला बसले आणि आम्ही टीव्ही त्याआधी घेतला, २८ टक्के जीएसटी भरून. ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला तो २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी. माझ्या मेहुण्याने त्या दिवशी टीव्ही घेतला. तो देवीचा भक्त आहे, हे त्याने मला तेव्हापासून चार वेळा फोन करून सांगितलंय.

असो. मूल्यमापनाकडे येतो. टीव्हीची परीक्षा घेणारे तज्ज्ञ अंधाऱ्या खोलीत यंत्रं लावून बसतात म्हणे. आमच्याकडे आई आहे. वय ८१. पहिल्याच संध्याकाळी मालिका लागली, सून पडद्यावर आली आणि आई म्हणाली, "ही पैठणी निळी नाहीये."

"निळीच दिसतेय की."

"दिसतेय निळी. पण साडी चिंतामणी रंगाची आहे. आणि काठ डाळिंबी आहे, तो तुझा टीव्ही राणी दाखवतोय."

बायको उठून पडद्याजवळ गेली आणि म्हणाली, "बरोबर आहे आईंचं." सासू-सुनेचं एकमत झाल्याचा तो क्षण मी तारखेसकट लिहून ठेवलाय. रंग चुकण्याचं कारण मुलाने शोधलं. दुकानात ट्यूबलाइटच्या झगझगाटात शेजारच्या टीव्हीवर मात करायची असते, म्हणून चित्र भडक करून ठेवतात. लग्नाच्या हॉलमधला मेकअपच तो. तोच चेहरा सकाळी चहाच्या वेळी समोर आला की माणूस दचकतो. मुलाने भडक काढून सिनेमाची अवस्था लावली. पैठणी लगेच चिंतामणी झाली. "आता बरोबर," आई म्हणाली, "पण हिला हळद कधी लागली?" खरंच सगळी मंडळी पिवळसर दिसत होती. मग तासभर तो रंग कमी-जास्त करत होता आणि आई सोफ्यावरून हुकूम सोडत होती: आमसुली जास्त झाला, मोरपंखीत हिरवा कमी पडतोय, अंजिरी आला, थांब, हात लावू नकोस. १०७ कोटींतून नेमका अंजिरी कुठे आहे हे यंत्राला सापडलं नसतं. दादरला पन्नास वर्षं साड्या चाळलेल्या बाईला सापडलं.

रंग जमले, पण चित्र धूसरच. त्याचा हिशोब असा. आमचा सेट टॉप बॉक्स जुना. त्यातून येणाऱ्या साध्या चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत. आमच्या फोरके पडद्यावर ठिपके आहेत ८२,९४,४००. भागाकार करून बघा, बरोबर वीस येतात. एका ठिपक्याच्या पगारावर वीस ठिपक्यांचा संसार चालवायचा म्हटल्यावर ओढाताण होणारच. मुलगा म्हणाला, एचडी पॅक घ्या. मी म्हटलं, मालिकेतल्या सासूच्या कपाळावरची आठी मला आत्ताही पुरेशी दिसते.

सिनेमाला वेगळीच तऱ्हा. मी हौसेने 'शोले' लावला. सिनेमात सेकंदाला चोवीस चित्रं असतात. या टीव्हीला ती कमी वाटतात, म्हणून दोन चित्रांच्या मधलं चित्र तो स्वतःच्या मनाने तयार करून घुसवतो. सगळं गुळगुळीत होतं आणि गब्बर आठच्या मालिकेतला चुलत सासरा वाटायला लागतो. उडत्या विमानाला बाहेरून लोंबकळलेल्या टॉम क्रूझने २०१८ च्या डिसेंबरात खास व्हिडिओ काढून जगाला विनंती केली होती की टीव्हीतली ही करामत बंद करा. आम्ही ती बंद केली. घरात कोणालाही फरक कळला नाही. मी मात्र अजूनही पाहुण्यांना तो समजावून सांगतो.

आता डोळ्यांचं. चांगला डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं बारीक ओळखू शकतो. त्यावरून मांडलं तर पंचावन्न इंची पडद्यावर फुल एचडी आणि फोरके यांतला फरक साधारण सात फुटांच्या आत बसलं तरच दिसतो. आमचा हॉल दहा फूट रुंद. सोफा समोरच्या भिंतीला, त्यामुळे डोळे पडतात साडेआठ फुटांवर. सोफा दीड फूट पुढे ओढला तर स्वयंपाकघरात जाताना कडेकडेने, खांदा तिरका करून जावं लागतं. कर्णच पुन्हा. शिवाय चांगला डोळा हवा. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, मला प्रोग्रेसिव्ह चष्मा, बायको मालिका बघता बघता भाजी निवडते म्हणजे डोळे गवारीवर. घरात फोरकेच्या लायकीचे डोळे एकट्या चिरंजीवांचे. ते टीव्हीकडे पाठ करून मोबाइलवर मॅच बघतात.

आणि शेवटी बातम्या. खरं म्हणजे टीव्ही मी बातम्यांसाठीच घेतला होता. रात्री नऊची चर्चा लावली. खाली दोन पट्ट्या पळतायत, डाव्या बाजूला सोन्याचा भाव, वर कोपऱ्यात घड्याळ, मध्येच जाहिरात अख्ख्या चित्राला ढकलून एका कोपऱ्यात चेपते. वडिलोपार्जित घराच्या वाटण्या व्हाव्यात आणि मूळ मालक माडीवरच्या खोलीत पोटभाडेकरू म्हणून राहावा, तशी बातमी राहत होती. उरलेल्या जागेत आठ माणसं आठ चौकटींत, सगळी एकाच वेळी ओरडतायत. मी स्टुलावर चढलो आणि टेप लावली.

"अहो, काय मोजताय?"

"प्रवक्ता."

कर्ण तेरा इंच भरला. दुसरा मोजला, तोही तेरा. आमच्या चाळीत खालच्या मजल्यावर जो पोर्टेबल ब्लॅक अँड व्हाइट होता, तो चौदा इंची होता. त्याच्या काचेवर तीनरंगी प्लॅस्टिकचा कागद लावलेला असे, त्यामुळे बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ निळं आणि पदर हिरवा दिसायचा. पण त्या एकट्या असायच्या आणि वाक्य पूर्ण करायच्या.

हप्ते अजून अकरा आहेत. आवाज पातळ येतो, कारण टीव्ही बारीक झाला तेव्हा त्याच्या स्पीकरलाही जागा उरली नाही. त्यावर साउंडबार म्हणून एक लांबुळकी वस्तू मिळते. तिच्या हप्त्यांचा विषय बायकोने घरात काढू दिलेला नाही.

जाता जाता एक. जुन्या टीव्हीबद्दल दुकानाने बिलातून पाचशे रुपये वजा केले, पण न्यायला कोणी आलं नाही, फोन केला तर "राहू द्या तुमच्याकडेच" म्हणतात. भंगारवाल्याने तो उचलून बघितला आणि खाली ठेवला. सध्या तो गॅलरीत आहे, वर कपड्यांच्या चिमट्यांची टोपली. एकवीस इंची, रंगीत, चालू स्थितीत, चिंतामणी चिंतामणीच दाखवतो. रिमोटच्या मागे चिकटपट्टी आहे, सेल पडत नाहीत. कोणाला हवा असेल तर फुकट घेऊन जावा. येताना दोन दणकट माणसं आणावीत, आणि शुक्रवारी येऊ नये, आमच्याकडे शुक्रवारी लाइट नसते, लिफ्ट बंद असते.