अर्धा हॉर्सपॉवर

सिंकखालचा बॉटल ट्रॅप बदलायला अक्कल लागत नाही, पाना लागतो. पण हे घरात सांगायचं नसतं. मी कपाळाला टॉर्च बांधला, सिंकखाली आडवा झालो आणि "कुणी नळ सोडू नका रे!" अशी आरोळी ठोकली. घरात बायकोशिवाय कुणी नव्हतं. नव्या नळीच्या आट्यांवर गरज नसताना टेफ्लॉन टेप गुंडाळली. पांढरी टेप दिसली की काम कसबी माणसाचं वाटतं. थेंब गळेना, तेव्हा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

न्यू जर्सीच्या पुतण्यानं अंगठा दाखवला आणि पाठोपाठ स्वतःचा फोटो धाडला. त्यानं खरकटं दळणारं अख्खं यंत्र बदललं होतं. "काका, अर्धा हॉर्सपॉवर!"

झोप उडाली. रात्री शोधलं, तर जॉन हॅम्स नावाच्या अमेरिकन आर्किटेक्टनं १९२७ साली ते यंत्र पहिल्यांदा बनवलेलं. मग मीही नगरकर! १४९० साली वसलेल्या आमच्या शहरात निजामशाहीनं कापूरवाडी, भिंगारकडून जमिनीखालच्या खापरी नळांनी पाणी आणलं. ना मोटर, ना वीज, नुसता उतार. त्या पाण्यावर बागा फुलल्या, फराहबागेच्या महालाभोवती तळं भरलं. पुढे निजामशाहीच्याच मलिक अंबरनं खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, नहर नेली. हे सगळं मी पुतण्याला टाइप करून पाठवलं, जणू ते नळ मीच भाजले होते. हल्ली मुळा धरणाचं पाणी पंपानं चढवून आणावं लागतं आणि आमच्या नळाला एक दिवसाआड येतं, एवढं तेवढं गाळलं. ते यंत्र चालवायचं तर नळ सोडून ठेवावा लागतो. शिवाय आमचं खरकटं कोपऱ्यावरच्या गाईचं, उरलंसुरलं कढीपत्त्याच्या कुंडीचं. यंत्र आमच्या सावेडीत आलं तर उपाशी मरेल.

सकाळी भांडीवाल्या मावशी आल्या. त्यांना मुद्दाम सिंकखाली वाकायला लावलं. त्यांनी पाहिलं आणि कोपऱ्यातला पत्र्याचा डबा उचलला.

"आता हा लागायचा न्हाई ना? घरी नेते."

"हा इथे कशाला होता?"

"गळतंय की दिवाळीपासनं. रोज जाताना वतून जाते. वैनींना बोलले होते, त्या तुम्हाला बोलल्या."

दिवाळीपासून ओट्याखालची फरशी कोरडी होती, ती त्या डब्यामुळे. त्याचा फोटो कुणी काढला नाही, अंगठाही कुणी दाखवला नाही. मला राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. पुतण्याच्या घरी भांडी कोण घासतं, तेही आम्ही कधी विचारलेलं नाही.

तुमच्याकडे ट्रॅप बदलायचा असेल तर दुकानात जाण्याआधी दोन गोष्टी करा. नळी सव्वा इंची आहे की दीड इंची ते मोजा, आणि ती कधीपासून गळतेय ते भांडी घासणाऱ्या माणसाला विचारा.